आरतीतेजला फर्स्ट क्लास

३ फेब्रुवारी, सकाळी
यांच्या कंपनीने गेल्या वर्षी दिलेली डायरी कोरीच राहिली होती. रद्दीत टाकायला जीव होईना. वार खोडून वापरणार. रोज लिहिणार, खरं लिहिणार, कोणाला दाखवणार नाही.

परवा माघी गणपतीला जोह्याला गेलो होतो, शिल्पावन्संकडे. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. तिच्या यजमानांचा, धनेशभावोजींचा, मूर्तींचा कारखाना. तिथे पेणचे हर्षदशेठ बसले होते. ते कंटेनर भरभरून गणपती परदेशी पाठवतात. प्रत्येक मूर्तीबरोबर पूजेची पेटी. हळद, कुंकू, जानवं, सुपारी, कापसाची वस्त्रं, सगळं. फक्त कापूर नाही. बोटीवर कापूर सहज चालत नाही म्हणे, पेट घेतो. तिकडची आपली माणसं फोन करून विचारतात, आरती कशावर करायची?

मी बोलून गेले, कापूर पातळ करून बाटलीत भरला तर? ताम्हनात चमचाभर ओतायचं, काडी लावायची. वात नको, काही नको.

हर्षदशेठ म्हणाले, "वहिनी, जमवाच. प्रत्येक पेटीत तुमची बाटली, वर तुमच्या नावाचं लेबल. अट एकच. ताम्हनात पेटलं पाहिजे आणि बोटीत पेटता कामा नये."

वन्सं तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. दर वर्षी मूर्तीच्या पाटाखाली "धनेश, जोहे" असं लिहून सातासमुद्रापार जातं, त्याचा तोरा आहे तो. आता माझंही नाव जाणार.

संकल्प: पाडव्याला कंटेनर भरतो, त्याआधी "दर्शना आरतीतेज" तयार. (नाव आंघोळ करताना सुचलं. म्हणजे वरूनच आलं.)
दुसरा संकल्प: वन्संशी गोड बोलायचं.

७ फेब्रुवारी
पहिली बाटली तयार. कापूर टर्पेंटाइनमध्ये विरघळतो. टर्पेंटाइन भावोजींच्या कारखान्यातलं. ब्रश धुऊन उरलेलं, नाहीतरी ओतूनच देतात. गाळून घेतलं. जरा गुलाबी झाक राहिली. पण ती गणपतीच्या अंगाच्या रंगाची आहे, म्हणजे पवित्रच.

बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या. कधीतरी लागतील म्हणून जपून ठेवल्या होत्या. लोक हसत होते.

संध्याकाळी चमचाभर ताम्हनात घेतलं, काडी दाखवली. काय तेज! ज्योत थेट गणपतीच्या सोंडेपर्यंत. हे फर्स्ट शिफ्ट करून झोपले होते, उठून बाहेर आले आणि म्हणाले, "दार रंगवायला घेतलं का कुणी?" बॉयलरजवळ उभं राहून राहून माणसाचं नाक जातं.

१० फेब्रुवारी
हर्षदशेठना कागद पाहिजे. सरकारमान्य लॅबचा. त्याशिवाय बाटली बंदरात आत घेत नाहीत. आमच्या वरच्या खोलीत दिपिका भाड्याने राहते, ती रोह्यात अशाच लॅबमध्ये आहे. आमच्या अष्टमी गावातून पूल ओलांडला की लॅब. देवाची योजना.

तिने सगळं समजावलं. पितळेची वाटी असते, झाकणाची. तिच्यात आपला माल घालून हळूहळू तापवतात. थोडं तापलं की झाकणाची खिडकी उघडून बारीक ज्योत आत दाखवायची. नाही पेटलं, आणखी तापवा. पुन्हा ज्योत. असं करत करत ज्या अंशाला आतली वाफ भक्‌ करते तो त्या मालाचा फ्लॅश पॉइंट.

म्हणजे सीतामाईची अग्निपरीक्षाच, फक्त सरकारी. मी बाटलीला हळदकुंकू लावून दिली. दिपिकाने कुंकू पुसून घेतलं, वाटीत गेलं तर रीडिंग चुकेल म्हणून. शिकलेल्या मुलींना श्रद्धा कमी.

१४ फेब्रुवारी
रिझल्ट आला. अडतीस!
पास. पस्तीसला पास असतं, वर तीन जास्तच. पहिल्याच फटक्यात, क्लास नाही, गाईड नाही. शेजारच्या बायजाला गूळखोबरं दिलं. ती म्हणाली, "काय झाला गो?" म्हटलं, परीक्षेत पास झाले. तिने माझ्याकडे पाहिलं, खोबरं खाल्लं आणि गेली.

१५ फेब्रुवारी
हर्षदशेठचा फोन. अडतीस चालत नाही. साठच्या वर पाहिजे. साठच्या खाली असलं की बाटलीवर लाल चौकोनात ज्वाळा काढाव्या लागतात, वेगळं भाडं, वेगळे कागद, आणि गणपतीच्या पेटीवर ज्वाळा कोण घेणार?

म्हणजे फर्स्ट क्लास मागतायत.

मला मॅट्रिकला अठ्ठावन्न टक्के होते. भूमितीच्या पेपराला शेजारच्या बाकावरची मुलगी सारखी शिंकत होती, नाहीतर साठ ठरलेलेच. ती जखम आता भरून काढायची. हे म्हणाले, "अगं, ते टक्के नाहीत, टेंपरेचर आहे." यांना स्वतःला पंचेचाळीस टक्के होते, त्यामुळे विषय टाळतात.

१६ फेब्रुवारी, संकष्टी
दुसरी बाटली. यावेळी अर्धं टर्पेंटाइन, अर्धं खोबरेल. टर्पेंटाइन संपत आलंय म्हणून. पण मुख्य फरक तो नाही. मुख्य फरक असा की ढवळताना अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. मागच्या वेळी नुसतीच ढवळली होती, रेडिओ ऐकत.

चंद्रोदयानंतर पेटवून पाहिलं. पेटलं. जरा विचार करून पेटलं, पण पेटलं.

२४ फेब्रुवारी
चव्वेचाळीस. सेकंड क्लास टप्प्यात.
आवर्तनांचा गुण. दिपिका म्हणते तेलाचा. जिन्यात उभी राहून कळवळून सांगत होती, "काकी, हे मार्क नाहीत हो. जितका आकडा कमी तितकं लवकर पेट घेतं. मे महिन्यात आपल्याकडे अडतीस सहज होतं. बाटली खिडकीत उन्हात राहिली, झाकण सैल असलं, नि कुणी शेजारी काडी ओढली तर?"

मी म्हटलं, म्हणजे आकडा जास्त आला की चांगलं ना?
"हो. सुरक्षित."
मग मार्कच झाले की. मुलगी हुशार आहे, पण मुद्द्यावर यायला वेळ लावते.

१ मार्च
ठरवलं. दर वेळी लॅबला देऊन निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा घरीच प्रिलिम घ्यायची. सगळं सामान घरात आहे. वाटी, झाकण, तवा. ताप मोजायचा थर्मामीटर आहे पण त्याला बेचाळीसच्या पुढे आकडेच नाहीत. ज्याने बनवला त्याला महत्त्वाकांक्षा नव्हती. बोट बुडवून अंदाज घेईन. दुधाचं विरजण लावताना बोटच तर लागतं, कधी चुकलं नाही.

४ मार्च
आज सुरक्षा दिन. यांच्या कंपनीत घोषवाक्य स्पर्धा होती. "ठिणगी दिसली, शिट्टी वाजवा, आधी सुटा नि मग आग विझवा." यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. हे डबा घेऊन घरी आले तेव्हा माझी प्रिलिम चालू होती.

वाटी तव्यावर, गॅस बारीक. बोट बुडवलं. चटका बसला. म्हणजे साठ झाले असणार. झाकण सरकवलं, वाकून काडी दाखवली.

भप्प.

पडदा जुनाच होता. यांनी ओलं गोणपाट टाकून विझवला. शिट्टी वाजवली नाही, मी तसं निदर्शनाला आणून दिलं. त्यांनी गॅस बंद केला, मला पाणी दिलं आणि आरसा आणून दिला.

उजवी भुवई नाही.

नंतर मला देवासमोर बसवलं आणि हात धरून शपथ घातली. घरात पुन्हा आरतीतेज पेटवून बघायचं नाही. एक चमचासुद्धा नाही. मी शपथ घेतली. देवासमोरची शपथ मोडणाऱ्यातली मी नाही.

आरतीतेज स्वभावाने तेजस्वी आहे, एवढं सिद्ध झालं.

९ मार्च
वन्सं आल्या. बघत राहिल्या. मी आपणहून सांगितलं, रोह्याला पार्लरमध्ये गेले होते, भुवया कोरून घेतल्या.
"एकाच बाजूची, वहिनी?"
म्हटलं, ऑफर होती.

गोड बोलायचा संकल्प पाळला, पण कठीण गेलं. कारण मग म्हणाल्या की यापुढे कारखान्यातून टर्पेंटाइन मिळणार नाही. म्हणे दादानेच फोन करून सांगितलंय, वहिनीला थेंब देऊ नका. यांचं नाव पुढे करतात. मला कळत नाही का? माझी बाटली बोटीत चढेल या विचाराने पोटात दुखतंय. मी काजळाच्या पेन्सिलीने भुवई काढली आणि त्यांना पोहे दिले. खोबरं कमी घातलं.

१४ मार्च
काल होळी. आज एक मोठी गोष्ट सुचली.

टर्पेंटाइन नाही तर नाही. तळणीचं तेल आहे! नैवेद्याचे वडे आणि कुरडया तळून कढईत उरलेलं. फडक्यातून दोनदा गाळलं. तळण नैवेद्याचंच होतं, म्हणजे उष्टं म्हणता येणार नाही, उलट प्रसाद म्हणता येईल. कापूर महाग झालाय, म्हणून वासापुरता. आणि प्रत्येक बाटलीत चमचाभर गंगाजल, जे आधी घालायला हवं होतं. तिथेच माझे मार्क जात होते.

गंगाजल तळाला जाऊन बसलं. गंगामाईचा स्वभाव नम्र.

पेटवून बघायची फार इच्छा झाली. पण शपथ. बाटली देव्हाऱ्यात ठेवून नमस्कार केला आणि दिपिकाकडे दिली.

२० मार्च, दुपारी
आधी देवापुढे साखर ठेवली, मग लिहायला बसले.
शंभर.

कागदावर छापील आहे, शिक्क्यासकट. "शंभर अंश सेल्सियसपर्यंत पेट घेतला नाही." दिपिका म्हणाली, पुढे तडतडून बाहेर उडायला लागलं, पाणी होतं आत, म्हणून शंभरला थांबवलं. म्हणजे त्यांच्याकडे मार्क संपले. आमच्या शाळेत गणितात शंभर मिळालेला एकच मुलगा होता, हिरामण, तो पुढे मोठा साहेब झाला.

दिपिका वर जाता जाता थांबली. "काकी, एक विचारू? टर्पेंटाइन काढलंत, कापूर नावाला आहे. आता हे ताम्हनात पेटणार कशाने?"
म्हटलं, बाळा, श्रद्धेने.
ती "बरं" म्हणाली. जिना चढून गेली.

यांना कागद दाखवला. यांनी दोनदा वाचला. चेहऱ्यावर इतकी शांती मी लग्नाच्या दिवशीही पाहिली नव्हती. म्हणाले, "छान. आता हेच ठेव. बदलू नकोस." लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिलं कौतुक.

२३ मार्च
हर्षदशेठना कागद पाठवला. त्यांचा लगेच फोन. "वहिनी, कमाल केलीत! मोठमोठ्यांना जमलं नाही." लेबलं छापायला टाकली. ज्वाळांचा चौकोन नाही. वर गणपती, खाली "सौ. दर्शना, अष्टमी, रोहा". रोह्याचं नाव बंदराबाहेर जाणार.

पाडव्याला कंटेनर निघायच्या आधी मूर्तींची आरती असते. ती आरतीतेजवर करायची, असं शेठनीच सुचवलं. सगळे कारखानदार असतील. हमरापूर, जोहे, सगळीकडचे. वन्संही.

२७ मार्च
बाटल्या भरणं. बायजा मदतीला. खाडीकाठच्या गावची बाई, हात भराभर चालतो आणि तोंडही. मध्येच म्हणाली, "गो, पन ह्या पेटतंय ना?"
म्हटलं, लॅबचा पेपर आहे.
"पेपर पेटंल. मी ह्या तेलाचा इचारतंय."
मी पुढची बाटली भरायला घेतली. मिठागरात आयुष्य गेलं, तिला प्रमाणपत्राचं महत्त्व कुठून कळणार.
म्हणाली, "याला कुरडईचा वास हाय."
कापराचाच आहे. तिला भूक लागली होती.

२९ मार्च
भाषण पाठ केलं. सुरुवात अशी: "मी एक साधी गृहिणी." मग थांबायचं, म्हणजे लोक "नाही नाही" म्हणतील. भुवई अर्धी आली आहे. उरलेली पेन्सिलने. वन्संना स्टेजवर बोलवायचं की नाही? बोलवीन. मोठेपणा दाखवायला हरकत नाही.

३१ मार्च
काल लिहिलं नाही. पाडवा होता, थकले.

काही विशेष नाही. गुढी उभारली, एस.टी.ने पेण. हेही आले, रजा टाकून. हर्षदशेठच्या आवारात कंटेनर उभा, दार उघडं, आत ओळीने गणपती, गवतात आणि खोक्यांत गुंडाळलेले. माणसं खूप. शेठनी माझं नाव माइकवर घेतलं. लॅबचा कागद सगळ्यांना दाखवला. भाषण झालं. "साधी गृहिणी" नंतर थांबले, कोणी काही म्हणालं नाही. माइकची खरखर होती, ऐकू गेलं नसेल.

मग ताम्हनात चमचाभर आरतीतेज. आरती सुरू झाली, टाळ, झांजा. मी काडी लावली.
काडी विझली.
वारा होता. हे आडोसा करून उभे राहिले. दुसरी काडी. तेलात बुडून विझली. तिसरी तळातल्या गंगाजलाला टेकली, चर्र आवाज आला. आरतीचं पहिलं कडवं संपलं. लोकांनी दुसरं घेतलं. मी काड्या ओढत होते, देव बघत होता. घरी एका काडीत समई, निरांजन आणि उदबत्ती लावणारी बाई मी. काल अख्ख्या काडेपेटीचा चुराडा केला.

धनेशभावोजींनी खिशातून लायटर काढला. तोही विझला आणि नंतर लागेचना. तेल गेलं असणार आत. आरती संपत आली तशी लोकांनी पुन्हा पहिल्यापासून घेतली, मला वेळ मिळावा म्हणून. वन्संचा आवाज सगळ्यांत वर होता. इतक्या भक्तिभावाने त्या कधी गायल्या नव्हत्या.

शेवटी मी न पेटलेलं ताम्हनच ओवाळलं. लोकांनी त्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावले. हाताला तेल लागलं, ते डोक्याला चोळून टाकलं. चांगली माणसं आहेत.

हर्षदशेठ मात्र जवळ आले. वाटलं ओरडतील. त्यांनी खिशातून लॅबचा कागद काढला, उलगडला, वाचला, पुन्हा घडी घातली. "वहिनी, तुमची काही चूक नाही. लिहिलंय तसंच आहे. शंभरपर्यंत पेटत नाही."

पेट्यांमधून बाटल्या काढायला लावल्या. माणसं भराभर काढत होती. लेबलावरचं माझं नाव एकावर एक, खोक्यात उलटं पडलेलं.

येताना एस.टी.त मी म्हटलं, पाडव्याच्या दिवशी अमृत काळ किती वाजता होता, बघायला हवं होतं. हे म्हणाले, "हं." मग तिकिटं खिशात ठेवत म्हणाले, "भाषण चांगलं झालं."

१ एप्रिल
संकल्प: आरतीतेजचा विषय बंद. घरात बाटल्यांची खोकी आहेत, त्यांचं पुढे बघू. कुरडया तळता येतील, पण कापराचा वास येईल.

३ एप्रिल
सकाळीच धनेशभावोजींचा फोन. मला वाटलं टोमणा. तसं नव्हतं.

पाडव्याला आमची एस.टी. निघाल्यावर म्हणे कंटेनरचं दार लागेना. कडी गंजून जाम झालेली. ड्रायव्हर लाथा मारून दमला, बोट चुकायची वेळ. शेवटी भावोजींनी तिथे राहून गेलेली आरतीतेजची एक बाटली फोडून कडीत ओतली, बिजागऱ्यांत ओतली. दोन मिनिटांत लोण्यासारखी सरकली. दार लागलं, सील झालं, कंटेनर बंदरावर गेला. काल बोटीत चढला.

फोन ठेवला. मग उठून बायजाला हाक मारली. म्हटलं, आरतीतेज परदेशी गेलं. खरंच गेलं. गणपतीच्या दारावर बसून गेलं. वन्संच्या मूर्ती आत, आणि बाहेर मी.

बायजा मासे साफ करत होती. नीट ऐकून घेतलं.
"बरा झाला गो. आता तिकडचा मानूस दार उगडंल, त्याच्या हाताला लागंल, तो फडक्याला पुसंल. तवर तुजाच हाय."